‘ओजेटी म्हणजे फुकटची मजुरी’ या मेसेजला उत्तर

हा मेसेज गेल्या वर्षीही फिरला होता. यंदा तो मला एका आठवड्यात तिघांकडून आला: गावच्या ग्रुपवर, नणंदेकडून आणि आमच्याच स्टाफरूममधल्या एका सरांकडून. सरांनी खाली हात जोडल्याचे दोन इमोजीही टाकले होते. मेसेज असा:

‘पालकांनो सावध व्हा! नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटीच्या नावाखाली मुलांना १२० तास फुकट राबवतात. वर कॉलेजची फी आपणच भरायची. ते क्रेडिट पुढे कुठेच चालत नाही. सर्टिफिकेट तर ५०० रुपयांत मिळतं. आर्ट्सच्या मुलांनी जायचं कुठे? त्यापेक्षा सरकारी योजनेत महिन्याला १०,००० मिळतात. हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे. शेअर करा.’

आमच्या कॉलेजात कम्युनिटी कॉलेज योजनेतला (कॉलेजातच कौशल्याचे छोटे अभ्यासक्रम चालवायची योजना) फळप्रक्रियेचा डिप्लोमा चालतो. तो माझ्याकडे आहे, आणि आता पदवीच्या मुलांच्या ओजेटीचं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचं, कामही माझ्याच गळ्यात आहे. या मेसेजमधलं सगळंच खोटं असतं तर मी तो पुसून टाकला असता. तसं नाही, म्हणून लिहायला बसले.

‘१२० तास फुकट राबवतात’

आकडा बरोबर आहे. राज्य शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयातल्या आराखड्याप्रमाणे पदवीच्या सहाव्या सत्रात ओजेटीला ४ क्रेडिट (पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एककं) आहेत, आणि एका क्रेडिटला ३० तास. झाले १२०. पण वर्गात १५ तास बसलं की एक क्रेडिट होतं. कम्युनिटी कॉलेजसाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, घालून दिलेल्या नियमांत तर स्पष्टच म्हटलंय, की इंटर्नशिपच्या तासाचं वजन तासिकेच्या निम्मं धरायचं. क्रेडिट हा कामाचा मोबदला असता तर हा उघड अन्याय होता. तो मोबदला नाहीच. कामाच्या जागी निम्मा वेळ तेच ते करण्यात जातो, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलंय असं मला वाटतं. उरलेल्या निम्म्यात मूल काय शिकलं, ते त्याने लिहून आणि बोलून दाखवायचं. गुण त्याचे.

उदाहरणच देते. मागच्या द्राक्ष हंगामात निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाउसवर, म्हणजे द्राक्षं परदेशी पाठवायला पेट्यांत भरतात तिथे, आमची पाच मुलं होती. त्यातल्या एकीची वही समोर ठेवून हे लिहितेय. तिसऱ्या दिवसाची नोंद: ‘आज पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) भरले. १४० पेट्या झाल्या. पाय दुखले.’ ही नोंद म्हणजे मजुरीच. तिथल्या बायका हेच काम हिच्या दुप्पट वेगाने करतात आणि त्यांना त्याचा रोज मिळतो.

एकोणिसाव्या दिवसाची नोंद अशी: ‘प्रीकूलिंगच्या (पाठवण्याआधी माल थंड करायच्या) थप्पीत मधल्या पेटीतल्या मण्याला सुई टोचून तापमान घेतलं. कडेच्या पेटीपेक्षा ३ अंश जास्त. सुपरवायझर म्हणाले वेळ झाली, काढा. मी परत मोजलं. दोन पेट्यांची भोकं समोरासमोर आली नव्हती, त्यामुळे हवा आत जात नव्हती.’

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, तीन अंशांनी असं काय बिघडतं? ती म्हणाली, ‘सर, कंटेनर माल थंड ठेवतो, गरम माल थंड करत नाही. मणी आत गरम राहिला की पेटीत पाणी सुटतं. ओल लागली की ग्रेप गार्डमधला (बुरशी लागू नये म्हणून पेटीत ठेवतात त्या कागदातला) वायू एकदम सुटतो नि मणी पांढरे पडतात. तिकडे उतरल्यावर कळतं.’ परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. क्रेडिट मिळालं ते या उत्तराला, १४० पेट्यांना नव्हे.

आता उलट बाजूही सांगते. पहिल्या वर्षी तीन मुलींना एका युनिटवर पाठवलं आणि मी तीन आठवडे तिकडे फिरकलेच नाही. परीक्षेची कामं होती, वगैरे. त्या मुली तीन आठवडे बाटल्यांवर लेबलं चिकटवत होत्या. तिथे मेसेजमधलं वाक्य शब्दशः खरं ठरलं, आणि ते खरं करण्यात मालकाइतकाच माझाही हात होता. कॉलेजच्या मार्गदर्शकाने जाऊन बघायचं, काम बदलून मागायचं, वही तपासायची, हे सगळं १२० तासांचाच भाग आहे. ते झालं नाही की उरते ती मजुरी. तेव्हा पालकांनी ‘ओजेटी नको’ म्हणण्याऐवजी ‘मॅडम, तुम्ही किती वेळा जाऊन आलात?’ असं विचारावं. मला त्या वर्षी कोणी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

‘क्रेडिट कुठेच चालत नाही’

२०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. मुलांच्या नावाने तिथे खातं असतं, त्यात संस्था क्रेडिट जमा करते आणि ती जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. दुसऱ्या विद्यापीठात गेलं तर ती तिकडे नेता येतात, पण दोन अटी लक्षात ठेवायला हव्यात. जिथून पदवी घ्यायची, तिथे किमान निम्मी क्रेडिट कमवावी लागतात. आणि तुमचं ओजेटी आपल्या अभ्यासक्रमात कुठे बसवायचं, हे नवी संस्था ठरवते. त्यामुळे ‘सगळीकडे आपोआप चालतं’ असं कोणी प्रवेशाच्या वेळी सांगत असेल तर तेही खरं मानू नका.

नोकरी देणारा क्रेडिट विचारत नाही, हे मात्र खरं. तो विचारतो, ‘काय काय येतं?’

डिप्लोम्याचा हिशेब वेगळा आहे. कम्युनिटी कॉलेजच्या एका वर्षाच्या डिप्लोम्याची ६० क्रेडिट असतात: २४ सामान्य शिक्षणाची, ३६ कौशल्याची. कामाच्या जागचं प्रशिक्षण त्या ३६ मध्ये धरलं जातं. ते काढलं तर डिप्लोमाच पुरा होत नाही, मग ‘चालत नाही’ म्हणायचं कशाच्या जोरावर?

आणि एक करा. मुलांना डिजीलॉकर उघडायला सांगा आणि ओजेटीचं क्रेडिट खात्यात दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन विचारा. क्रेडिट मिळालंय पण चढवलेलंच नाही, असं होतं. आमच्याकडेही झालंय.

‘सर्टिफिकेट ५०० रुपयांत मिळतं’

मिळतं. कमीतही मिळत असेल. पण नुसत्या सर्टिफिकेटला क्रेडिट नसतं. वही, अहवाल, तिथल्या मार्गदर्शकाचं मूल्यमापन आणि तोंडी परीक्षा, असं सगळं जुळावं लागतं. गुणांची वाटणी विद्यापीठागणिक बदलते, पण निव्वळ शिक्क्यावर भागत नाही. भागत असेल तर ती त्या कॉलेजची चोरी आहे.

डिप्लोम्याच्या एका मुलाने बँकेतल्या कामाची वही आणून दिली. अक्षर सुंदर, रोज सात तास, सही-शिक्का जागच्या जागी. मी पानं उलटत होते तर २० नोव्हेंबर २०२४ या तारखेलाही ‘बँकेत सात तास काम’. त्याला विचारलं, ‘अरे, विधानसभेला मतदान केलंस का?’ ‘केलं ना मॅडम, सकाळीच.’ ‘आणि मग बँकेत गेलास?’ त्या दिवशी राज्यभर सुट्टी होती. तो हसला, मग रडवेला झाला. त्याला परत पाठवलं, यावेळी खरोखरच्या पतसंस्थेत. तिथे तो वसुलीच्या नोटिसा घेऊन गावोगाव हिंडला. दुसरी वही पहिलीइतकी सुंदर नव्हती.

‘आर्ट्सच्या मुलांनी जायचं कुठे?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. ग्रामपंचायत, तालुक्याचं वाचनालय, स्थानिक साप्ताहिक, बचत गटाचा महासंघ, वकिलाचं ऑफिस. इतिहासाच्या मुलीने मोडी शिकून घेतली असेल तर जुनी दप्तरं असलेल्या कुठल्याही कचेरीत तिला काम आहे. मोडी वाचणारं माणूस मिळत नाही म्हणून तिथे कागद पडून असतात. अडचण जागांची नाही. कॉमर्सचे सर सीए ऑफिसला दहा फोन करतात आणि आर्ट्सचे सर एकही करत नाहीत, अडचण ही आहे. (आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य वाचलं जाणार, याची मला कल्पना आहे.)

‘सरकारी योजनेत १०,००० मिळतात’

ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बारावी पास मुलांना ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० असं विद्यावेतन ठरलं. पण ज्याचं शिक्षण चालू आहे, त्याला ती नाही. त्याच वर्षी आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही पूर्णवेळ विद्यार्थी बसत नव्हते. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने शिकणाऱ्या मुलाची तुलना शिकून बाहेर पडलेल्याशी केली आहे.

‘अमेरिकेचं खूळ’

कम्युनिटी कॉलेज हे नाव तिकडचंच. इलिनॉयमधलं जोलिएटचं ज्युनिअर कॉलेज १९०१ चं. सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कचं लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज १९७१ मध्ये उघडलं ते कामाचा अनुभव अनिवार्य ठेवूनच.

पण आपल्याकडे डी. फार्म.ची मुलं ५०० तास औषधांच्या दुकानात किंवा दवाखान्यात उभी राहतात, एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) मुलं आठवड्यातले काही दिवस वस्तीत जातात, एमबीबीएसला वर्षभर इंटर्नशिप असते. त्यांना कोणी अमेरिकेचं खूळ म्हणत नाही. साताऱ्यात १९४७ साली उघडलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ चालवली. ती योजना क्रेडिटची नव्हती, हे कबूल. तिथे काम करून शिक्षणाचा खर्च भागवायचा होता. पण हाताने काम केल्याने विद्यार्थी कमी प्रतीचा ठरतो, ही समजूत तिनेच मोडली होती.

राहिलं पैशाचं. इथे मेसेजचं म्हणणं मला खोडता येत नाही. ओजेटीत मानधन द्यायचं की नाही, हे जागा देणाऱ्याच्या मनावर आहे. एसटीचा सवलतीचा पास घर ते कॉलेज असतो आणि पॅकहाउस निघतं नेमकं दुसऱ्या दिशेला. वही माझ्यासमोर आहे त्या मुलीने महिनाभर पदरचं भाडं घालून ते १२० तास पुरे केले, आणि हे मला वहीत नव्हे, तिच्या आईकडून कळलं.

म्हणून यंदा मुलं पाठवायच्या आधी तीन मालकांशी बोलून घेतलं. मानधन जमत नसेल तर जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण तरी द्या, म्हटलं. दोघं तयार झाले. तिसरे म्हणाले, ‘मॅडम, पोरी शिकायला येतात का कमवायला?’ त्यांच्याकडे या हंगामात आमचं कोणी नाही.