इबोला विमानतळावर सापडत नाही

(पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवते.)

नव्या देशात एखादा जीवघेणा रोग पोहोचला की सरकारला सगळ्यात आधी विमानतळ आठवतो. कपाळावर रोखलेला थर्मामीटर, हातात फॉर्म, मास्क लावलेले अधिकारी आणि मागे कॅमेरे. बातमीला हे दृश्य फार सोयीचं. 2014 मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ चालू असताना तो विमानातून आलेल्या एकेका माणसाबरोबर जुलैत नायजेरियातल्या लागोसला आणि सप्टेंबरात अमेरिकेतल्या डॅलसला पोहोचला. लागोसपासून सुरू झालेल्या साखळीत 20 जणांना लागण झाली, 8 दगावले. डॅलसमध्ये आलेला रुग्ण गेला, दोन नर्सना लागण झाली, त्या वाचल्या. दोन्हीकडे काय घडलं ते ओळीने पाहिलं की पैसा आणि माणसं कुठे लावायला हवी होती हे कळतं. माझ्या मते दोन्हीकडे खरी लढाई कॅज्युअल्टीत, नर्सच्या अंगावरच्या संरक्षक किटमध्ये आणि कचऱ्याच्या पिशवीत होती.

का, ते कळायला रोगाचा स्वभाव माहीत हवा. विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला 2 ते 21 दिवस लागतात. लक्षणं नसताना माणूस रोग पसरवत नाही. पहिल्या दिवसाचा ताप मलेरियासारखाच. रक्तात विषाणू इतका कमी असतो की सुरुवातीच्या तीन दिवसांत पीसीआर (रक्तात विषाणू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून 72 तासांनी पुन्हा तपासायचं असतं. (पहिला निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावर रुग्णाला घरी सोडणं ही यातली सगळ्यात महागडी चूक.) पुढे विषाणू दिवसागणिक वाढत जातो. उलट्या-जुलाब सुरू झाले की काही रुग्णांच्या अंगातून दिवसाला 5 ते 10 लिटर द्रव बाहेर पडतो आणि त्यात विषाणू खच्चून भरलेला असतो. शेवटचे दिवस आणि मृत्यूनंतरचं शरीर हे सगळ्यात घातक. थोडक्यात, विमानातून उतरणाऱ्या धडधाकट माणसापासून धोका जवळपास शून्य आणि आठव्या-नवव्या दिवशी त्याची चादर बदलणाऱ्या नर्सला प्रचंड. सरकारची धावपळ मात्र बरोबर उलट्या क्रमाने झाली.

विमानतळाचा हिशेब सरळ आहे. त्या तीन देशांतून निघणाऱ्या प्रवाशांचा ताप उड्डाणाआधी मोजत होते. पहिल्या दोन महिन्यांत 36,000 लोक तपासले, 77 जणांना विमानात चढू दिलं नाही. त्यांतल्या एकालाही इबोला असल्याचं निष्पन्न झालं नाही, बऱ्याच जणांना मलेरिया होता. डॅलसला गेलेला माणूस लायबेरियाच्या राजधानीतून, मन्रोव्हियातून निघाला तेव्हा त्याचा ताप 97.3 फॅरनहाइट होता. म्हणजे थर्मामीटर चुकला नव्हता. माणूस त्या दिवशी आजारी नव्हताच. आणि खरंच ताप असता तरी एक पॅरासिटामॉल काही तासांपुरता तो उतरवतंच.

अमेरिकेने आपल्या विमानतळांवर तपासणी सुरू केली 11 ऑक्टोबरला, म्हणजे तो रुग्ण मेल्यानंतर तीन दिवसांनी. आधी न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ, मग आणखी चार. या सगळ्यात कामाची गोष्ट थर्मामीटर नव्हती. प्रवाशाचा पत्ता आणि फोन नंबर घेणं, त्याच्या हातात घरी नेण्यासाठी थर्मामीटर देणं, ताप आला तर कोणाला फोन करायचा हे लिहून देणं आणि 21 दिवस रोज विचारपूस करणं, एवढाच भाग उपयोगी होता. विमानतळ हे पत्ता घेण्याचं टेबल आहे असं मानलं तर ते चालवावं, जरूर चालवावं. तिथे रोग अडवला जातो असं लोकांना सांगू नये.

आता कॅज्युअल्टी. 25 सप्टेंबरच्या रात्री दहानंतर तो माणूस डॅलसच्या एका मोठ्या रुग्णालयात गेला. ताप, पोटदुखी, डोकेदुखी. आफ्रिकेतून आल्याचं नर्सने लिहून घेतलं. तिथे असताना ताप 103 पर्यंत चढला. पहाटे त्याला अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. तो 28 तारखेला रुग्णवाहिकेतून परत आला आणि 30 तारखेला निदान झालं. रुग्णालयाने आधी दोष संगणकावर टाकला, की नर्सची नोंद डॉक्टरला दिसत नव्हती. मग ते विधान मागे घेतलं. नोंद दिसत होती. हे मला जास्त बोलकं वाटतं. माहिती लिहिलेली होती, समोर होती, पण ती वाचून कोणी काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. नोंद ही कृती नव्हे. प्रवासाचा प्रश्न फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, लसीकरण आणि ॲलर्जीच्या मधे असेल तर त्याचं उत्तर 'हो' आलं काय नि 'नाही' आलं काय, काही हलत नाही.

प्रश्न केसपेपर काढतानाच, पहिल्या टेबलावर विचारायचा: ताप आहे का, गेल्या 21 दिवसांत कुठे होतात, तिथे कोणा आजाऱ्याला किंवा मृतदेहाला हात लागला का. उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरची वाट न पाहता तिथल्या माणसाने रुग्णाला मास्क द्यायचा आणि स्वतंत्र शौचालय असलेल्या खोलीत न्यायचं, दार बंद. आत जाणारा माणूस ठरलेला, दाराशी नावांची वही. रक्त नेहमीसारखं मुख्य लॅबला पाठवायचं नाही, आधी आरोग्य खात्याला फोन. आणि मलेरियाची चाचणी मात्र विसरायची नाही. ती खोलीतच रॅपिड किटवर करता येते. इबोलाच्या रिपोर्टची वाट पाहताना विलगीकरणात साध्या मलेरियाने माणूस गमावणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

लागोसमध्ये याहून वाईट परिस्थिती होती. 20 जुलैला आलेला प्रवासी विमानतळावरच कोसळला. सरकारी डॉक्टर संपावर, म्हणून त्याला खासगी रुग्णालयात नेलं. इबोलाच्या रुग्णाशी संपर्क आल्याचं त्याने नाकारलं, सुरुवातीचे उपचार मलेरियाचे झाले. डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्होह यांना शंका आली. औषधाला ताप दाद देत नव्हता आणि माणूस लायबेरियातून आला होता. त्यांनी त्याला सोडायला नकार दिला. लायबेरियाच्या अधिकाऱ्यांनी दबाव आणला, त्याला एका परिषदेला जायचं होतं. त्या हटल्या नाहीत. 19 ऑगस्टला त्या स्वतः इबोलाने गेल्या. नायजेरियाचं कौतुक करताना सगळे सरकारची पाठ थोपटतात. पहिला बांध घातला तो एका डॉक्टरने, आणि तोही पुरेशा संरक्षक साहित्याशिवाय.

पुढचं श्रेय सरकारचंच, आणि ते द्यायला हवं. पोलिओसाठी 2012 पासून उभं असलेलं आपत्कालीन केंद्र, त्यातली माणसं आणि कामाची पद्धत तशीच उचलून इबोलाला लावली. पोलिओचेच डॉ. फैसल शुआइब प्रमुख झाले. नवी समिती, नवी इमारत, नवे लेटरहेड यात आठवडे घालवले नाहीत. 894 संपर्कातील माणसं शोधली, त्यांच्या घरी सुमारे 18,500 भेटी दिल्या. भेटी, फोन नव्हे. दारात उभं राहून ताप मोजणं, 21 दिवस. माणूस दिसला नाही तर त्याच दिवशी शोध. भागाकार केला तर माणशी साधारण 20 भेटी होतात. म्हणजे पाठपुरावा कागदावरच राहिला नव्हता.

तरी एक निसटला. संपर्कातला एक माणूस नायजेरियातल्याच पोर्ट हारकोर्ट शहरात गेला आणि तिथे हॉटेलात एका डॉक्टरकडून गुपचूप उपचार घेतले. तो बरा झाला, डॉक्टर मेला. आजारी पडल्यावरही तो डॉक्टर रुग्ण पाहत होता. त्या एका चुकीपायी त्या शहरात पाचशेहून अधिक लोकांवर पाळत ठेवावी लागली. माणूस पळतो कारण विलगीकरण त्याला तुरुंग किंवा मरणखोली वाटते. तिथे पाणी, जेवण, फोन चार्जिंग आणि 'घरच्यांना कोण पाहील' याचं उत्तर हवं. हा साथनियंत्रणाचाच खर्च आहे, दयेचा नाही. डॅलसमध्ये रुग्णाच्या घरच्यांना कायदेशीर आदेश देऊन त्याच फ्लॅटमध्ये बसवलं आणि रुग्णाच्या घामाने भिजलेल्या चादरी दिवसेंदिवस आतच पडून राहिल्या. सफाईवाले आले पण परवान्याअभावी अडले.

हा परवान्याचा घोळ जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्याच अटलांटात एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात इबोलाचे दोन रुग्ण आणले होते. त्यांचा कचरा दिवसाला 40 पिशव्यांपर्यंत जायचा. रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, म्हणत होतं की हा नेहमीचा वैद्यकीय कचरा समजा. वाहतूक खात्याच्या नियमात तो 'अ' वर्गातला घातक माल, खास वेष्टन आणि खास परवान्याशिवाय रस्त्यावर आणायचा नाही. उचलणारा ठेकेदार साहजिकच नाही म्हणाला. रुग्णालयाने बाजारातून झाकणाचे मोठे डबे आणले आणि ऑटोक्लेव्ह होईपर्यंत (दाबाच्या वाफेने निर्जंतुक होईपर्यंत) कचरा त्यांत साठवला. दोन खात्यांच्या नियमांतली ही फट ऑगस्टमध्येच सगळ्यांना दिसली होती. ऑक्टोबर उजाडला तरी डॅलसचं कुटुंब त्याच फटीत अडकलं होतं. पुढे तो कचरा डॅलसच्याच राज्यात, टेक्सासात जाळला, तर राख शेजारच्या लुइझियाना राज्यात पुरू देणार नाही म्हणून तिथला ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील) कोर्टात गेला. राख! भट्टीतून निघालेल्या राखेत विषाणू जिवंत राहत नाही हे सांगणारा एकही अधिकारी लोकांसमोर वेळेत उभा राहिला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या फ्लॅटमध्ये रुग्णासोबत राहिलेल्या एकालाही इबोला झाला नाही. झाला तो रुग्णालयातल्या दोन नर्सना, ज्यांनी त्याला शेवटच्या दिवसांत सांभाळलं. वर सांगितलेली विषाणूची चढण इथे उघड दिसते. त्या वेळच्या सीडीसीच्या मार्गदर्शनात मान उघडी राहिली तरी चालत होतं. कर्मचारी मग आपल्या बुद्धीने एकावर एक हातमोजे चढवून चिकटपट्ट्या गुंडाळत. दिसायला भक्कम, उतरवताना घातक. चिकटपट्टी ओढली की किट फाटतं, हिसका बसतो, थेंब उडतात.

किट घालताना क्वचितच लागण होते, काढताना होते. 20 ऑक्टोबरच्या सुधारित सूचनांत त्वचेचा एकही भाग उघडा नको आणि समोर यादी घेऊन एक प्रशिक्षित निरीक्षक हवा, असं आलं. क्रम असा: बाहेरचे हातमोजे निर्जंतुक करा, एप्रन काढा, पुन्हा हातमोजे निर्जंतुक, बुटांची आवरणं, मग बाहेरचे हातमोजे, आतले निर्जंतुक करून फेसशील्ड, पुन्हा निर्जंतुक करून टोपडं, मग गाऊन, आतले हातमोजे बदला, त्यानंतरच एन-95, तोही मागच्या पट्ट्या धरून, पुढच्या भागाला हात न लावता, आणि अगदी शेवटी आतले हातमोजे. बारा तासांची ड्युटी करून थकलेला माणूस हे पाठांतरावर करूच शकत नाही. निरीक्षकाने एकेक पायरी मोठ्याने वाचायची आणि यानेही तेवढीच करायची. ब्लीचचंही तसंच. 5 टक्क्यांच्या एका भागात नऊ भाग पाणी घातलं की 0.5 टक्के, पृष्ठभागांसाठी. हातांसाठी 0.05 टक्के, एकास 99. दर 24 तासांनी ताजं करायचं, कारण क्लोरीन उडून जातो आणि बादलीत नुसतं वासाचं पाणी उरतं.

डॅलसच्या त्या दोन नर्सपैकी एकीचा विमानप्रवास खूप गाजला. अंगात 99.5 ताप, तिने निघण्याआधी सीडीसीला फोन करून विचारलं, सीमा 100.4 ची असल्यामुळे तिला अडवलं नाही. लोकांनी तिलाच झोडपलं. तिने विचारलं होतं हो! चूक नियमाची होती. ज्याने शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला हाताळलं त्याच्यासाठी तापाचा आकडा लावायचाच नसतो. संपर्काचा प्रकार पाहून 21 दिवस प्रवास बंद, असा नियम हवा होता.

मग सरकारं घाबरली आणि दुसऱ्या टोकाला गेली. न्यू जर्सीने आफ्रिकेत सेवा करून परतलेल्या, लक्षणं नसलेल्या नर्सला तंबूत डांबलं. अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या न्यायाधीशाने नंतर तिला घरात कोंडायला नकार दिला. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाने त्या देशांचे व्हिसाच रोखले. याचा परिणाम थेट उगमावर होतो. परतल्यावर तीन आठवडे कोंडणार असतील तर मन्रोव्हियाला जाणारे डॉक्टर-नर्स घटतात आणि तिथली आग जास्त दिवस धुमसते.

डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसने 5.4 अब्ज डॉलर मंजूर केले आणि पुढे 55 रुग्णालयं इबोला उपचारांसाठी नेमली. त्या आराखड्यातला मला सगळ्यात पटलेला भाग 55 चा नाही. तो तळच्या पायरीचा आहे: कुठल्याही कॅज्युअल्टीने संशयित रुग्णाला 12 ते 24 तास सुरक्षित ठेवता आलं पाहिजे, मधल्या पायरीच्या रुग्णालयांनी 96 तासांपर्यंत, आणि तेवढ्या वेळाचं किट कपाटात असलं पाहिजे. रुग्ण कुठल्या दारात येईल हे सरकारी यादी पाहून ठरत नाही. त्यामुळे कोणताही आरोग्यमंत्री विमानतळावर फोटो काढून घेत असेल तर पत्रकारांनी विचारावं: तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात 24 तासांची किटं आहेत का, ती शेवटची कधी उतरवून पाहिली, आणि समोर यादी वाचणारा माणूस कोण होता?