नववीत मोबाईलचाच प्रॉब्लेम नाहीये
लेखात म्हटलंय नववीत पोरं मोबाईलमुळे मागे पडतात, पण मी नागपुरात आत्ताच नववी दिली न मला तर वेगळंच दिसलं. आठवीपर्यंत गणिताचं एकच पुस्तक, नववीत डायरेक्ट भाग १ अन् भाग २, त्यात विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते मग पोर्शन नुसता पळवतात, सर समांतर रेषांची सिद्धता फळ्यावर लिहून लगेच पुसायचे, मागच्या बाकावरच्यांचं पक्ष-साध्यच (काय दिलंय अन् काय सिद्ध करायचंय एवढंच) उतरवून व्हायचं. आणि आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) फ्री शिक्षण आठवीपर्यंतच असतं ना, माझ्या मैत्रिणीला नववीत पूर्ण फी सांगितली, शेवटी शाळाच बदलावी लागली बिचारीला, इतकी हुशार आहे ती!! यावर पण लिहा ना प्लीज