अ‍ॅलर्जीचं औषध आणि बधिर कातडी

एका लेखात म्हटलंय की अँटीहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची औषधं, जशी खाज थांबवतात तशी उद्या त्वचेचं दुखणंही थांबवतील. असेलही, पण यात नवीन फार काही नाहीये हो. डायफेनहायड्रामिन हे असंच एक अँटीहिस्टामिन 1946 पासून वापरात आहे आणि ज्यांना लिडोकेन (जागा बधिर करायचं नेहमीचं औषध) चालत नाही अशांना टाके घालताना त्याचं 1 टक्क्याचं इंजेक्शन डॉक्टर कित्येक वर्षं देत आलेत.

गंमत म्हणजे या बधिरपणाचा हिस्टामिनशी, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज आणणाऱ्या रसायनाशी, फारसा संबंधच नाही!! मज्जातंतूतून दुखण्याचा सिग्नल पुढे सरकायला सोडियम आत शिरावं लागतं, लिडोकेन ती सोडियमची दारं बंद करतं आणि डायफेनहायड्रामिनही नेमकं तिथेच जाऊन बसतं, कारण दोन्ही रेणूंची ठेवण बरीचशी सारखी, एक टोक चरबीत विरघळणारं आणि दुसरीकडे अमाईन, म्हणजे नायट्रोजनवाला भाग.

पण टोचताना ते लिडोकेनपेक्षा जास्त झोंबतं हे लिहायला हवं होतं, शिवाय पेशंटला झोप येते ते वेगळंच. डोस वाढवून भागत नाही, 5 टक्क्यांपर्यंत गेलं की तिथली कातडीच मरू शकते. क्रीमचं म्हणाल तर ज्या औषधाने अ‍ॅलर्जी जायची त्याच्याच क्रीमने काहींना पुरळ उठतं, आणि लहान मुलांच्या अंगभर फासलं तर ते रक्तातही उतरतं.

आणि 'मला लिडोकेनची अ‍ॅलर्जी आहे' म्हणणाऱ्या बहुतेकांना ती नसतेच, सुई बघून चक्कर येते किंवा इंजेक्शनमध्ये सोबत मिसळलेल्या अ‍ॅड्रेनलिनने धडधडतं. आधी तेवढं तपासून घ्या की.