‘आमच्या फॉर्मवर हल्ला कोण करणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्राउझरमध्ये व्हॅलिडेशन (भरलेली माहिती नियमांत बसते का याची तपासणी) नीट केलं असेल तर तेच नियम सर्व्हरवर (माहिती जिथे जाऊन साठते त्या संगणकावर) पुन्हा लिहिणं म्हणजे दुप्पट काम, तुमचं ॲप्लिकेशन ऑफिसातलीच पंधरा-वीस माणसं वापरतात, तिथे हल्ला कोण करणार, आणि खरी तपासणी सर्व्हरवरच हवी असं सांगताना मी मूळ लेखात ब्राउझरमधल्या तपासणीला ‘फक्त सोय’ म्हटलं ते चूक.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला पटला. ‘फक्त’ हा शब्द मागे घेतो. तालुक्याच्या गावी नेट कॅफेत बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. चाळीस रकाने भरले, सबमिट दाबलं, मिनिटभर चक्र फिरलं आणि मग कळलं की आयएफएससी (बँकेच्या शाखेचा) कोड चुकलाय. पान परत आलं की जोडलेल्या फाइली पुन्हा निवडायच्या, कारण फाइलचा रकाना सर्व्हरला भरून देता येत नाही. हा छळ आहे. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी शून्यच असतं. तिथे इंग्रजी ‘ओ’ पडला तर त्याच क्षणी सांगायला हवं. हे काम ब्राउझरचंच.

आता हल्ल्याचं. हल्लेखोर लागतच नाही हो! एका पतसंस्थेसाठी आम्ही भरणा नोंदवायचा फॉर्म केला होता, वापरणारी माणसं फक्त काउंटरवरची. ‘रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी’ हा नियम नंतर आठवला आणि मी तो घाईत जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये, टाकून मोकळा झालो. काउंटरवरच्या एका ताईंचा टॅब आदल्या दिवसापासून उघडाच होता, म्हणजे त्यात स्क्रिप्ट जुनीच, हा नियम नसलेली. गर्दीच्या वेळी ५,००० च्या आधी उणे चिन्ह पडलं आणि सर्व्हरने ते मुकाट्याने लिहून घेतलं. ५,००० मिळवायच्या ऐवजी वजा झाले, म्हणून संध्याकाळी रोकड हिशेबापेक्षा १०,००० ने जास्त भरायला लागली. फरक निम्मा करून ती रक्कम शोधायची, ही रोखपालांची जुनी युक्ती. त्यांनी ती वापरली म्हणून नोंद सापडली. तोवर त्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती, नियम मी चुकीच्या जागी लिहिला होता.

उघडा राहिलेला टॅब हे एक कारण झालं. उद्या तुम्ही एक्सेलमधून नोंदी आत घ्याल, मोबाइल ॲप काढाल. त्या वाटेवर तुमचं फॉर्मचं पान लागतच नाही. सगळ्या वाटा सर्व्हरशी येऊन मिळतात. मोबाइल नंबर आधी नोंदवलेला आहे का, हे तर ब्राउझरला स्वतःहून कळूच शकत नाही, आणि त्याचाही शेवटचा शब्द डेटाबेसमधल्या युनिक कन्स्ट्रेंटचाच, म्हणजे ‘हीच नोंद दुसऱ्यांदा नको’ या नियमाचा.

दुप्पट कामाची तक्रार मात्र खरी आहे. ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे जावास्क्रिप्ट असेल तर नियमांची एकच फाइल दोन्हीकडे वापरा. भाषा वेगळ्या असतील तर जपून, कारण तोच रेजेक्स (मजकुराचा साचा तपासणारं सूत्र) दोन्हीकडे चिकटवला म्हणून नियम एकच होत नाही. पिनकोड कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत लिहिला, तर जावास्क्रिप्टचा ‘बॅकस्लॅश डी’ (रेजेक्समधली ‘इथे आकडा हवा’ ही खूण) तो नाकारतो. पायथन ३ या भाषेतला तोच ‘बॅकस्लॅश डी’, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तो स्वीकारतो. मग मजकूर म्हणून साठवलेला ४११०३० आणि इंग्रजी आकड्यांतला तोच पिनकोड डेटाबेसच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी! म्हणून मी सर्व्हरवर आधी सगळे आकडे एका लिपीत आणतो आणि मगच तपासतो.

नावाच्या रकान्यातही असंच होतं. युनिकोडमधली (सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतयादीतली) ‘अक्षरं’ तेवढीच चालतील असा नियम केला की ‘क्षितिजा’ अडते, कारण मात्रा, वेलांट्या आणि हलन्त युनिकोडच्या हिशेबी अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. तो वर्गही नियमात घ्यावा लागतो. आपल्याच भाषेत आपलं नाव लिहिणाऱ्याला ‘अवैध नाव’ असा लाल संदेश दाखवणं मला फार लागतं.

एवढं करून पाहा. तुमचा फॉर्म उघडा, राइट क्लिक करून इन्स्पेक्टमध्ये जा, एखाद्या रकान्याचं ‘रिक्वायर्ड’ (‘भरायलाच हवा’ अशी खूण) काढून टाका आणि तो रिकामा ठेवून सबमिट करा. तुमची स्क्रिप्ट तरीही अडवत असेल तर तिथल्याच नेटवर्क टॅबमधली, सर्व्हरकडे गेलेली खरी विनंती कर्लमध्ये (ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या साधनात) कॉपी करून, रक्कम बदलून पाठवा. चाचणीच्या सर्व्हरवरच करा. काय झालं ते इथे नक्की लिहा.