दमलेल्या बुधवारचा स्वयंपाक

परवा रात्री साडेआठला घरी आले, फ्रीज उघडला, तर खालच्या कप्प्यात रविवारी आणलेली पालकाची जुडी तशीच पिशवीत. देठांना काळं पाणी सुटलेलं, पानं बोटांना चिकटत होती. आणताना मनात आठवडाभराचा बेत होता. टाकून देताना फार वाईट वाटलं. मग मूठभर मसूर डाळ धुतली, त्यातच गाजर किसून घातलं, लसूण ठेचून टाकला. मसूर भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत मऊ होते. वरून लिंबू पिळलं आणि दोन वाट्या गरम गरम खाल्ल्या. ओट्याशी उभं राहूनच.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. घरचं खाणं चांगलं की वाईट, हे अशा दमलेल्या बुधवारी ठरतं. रविवारच्या हुरुपात कुणीही चार भाज्या चिरतं. त्यामुळे तयारी करायचीच तर बुधवारची करावी, असं माझं ठाम मत झालंय.

माझ्याकडे ती तयारी म्हणजे शिजवलेले काबुली चणे. रात्री भिजवायचे, सकाळी शिजवायचे आणि लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकायचे. अंडी असतातच. आणि फ्रोझन मटार. फ्रोझन म्हटलं की लोक नाक मुरडतात, ते मला अजिबात पटत नाही. मटार तोडल्यावर लवकरच गरम पाण्यातून काढून गोठवतात, म्हणून त्यातली जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस पडलेल्या पालेभाजीतलं क जीवनसत्त्व मात्र रोज कमी होत जातं. त्या जुडीपेक्षा माझे मटार केव्हाही चांगले.

तेलाची एवढी धास्तीही नको. गाजरातलं, पालेभाजीतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. बिनतेलाची उकडलेली भाजी नाइलाजाने गिळणारी माणसं बघितली की कळवळायला होतं. चमचाभर तेलात परतली असती तर चवीनं खाल्ली असती, आणि उद्या पुन्हा केली असती.

मिठाकडे मात्र मी लक्ष देते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात पाव, सॉस, पाकिटातले पदार्थ यांतलं मीठही आलं. घरी शिजवण्याचा मोठा फायदा हाच की चमचा आपल्या हातात असतो. हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. लिंबू पिळलं की कमी मीठ जाणवतही नाही.

आणखी एका बाबतीत मी ढिलाई करत नाही, ती म्हणजे उरलेलं अन्न. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भाताचं तर नक्कीच. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

बाकी सगळं सैल सोडलंय. कुणाच्या वाढदिवसाला केक खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणारी एक जवळची मैत्रीण आहे. ती ‘काल पाप केलं’ म्हणते तेव्हा मला खरंच त्रास होतो. केक तो. आवडीनं खाल्ला, झालं.

आणि ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ते बोलते. ‘घरी ताजं, पौष्टिक’ म्हणजे बहुतेक घरांत एकाच माणसानं रोज तीन तास ओट्याशी उभं राहणं. सगळ्यांची तब्येत सुधारायची आणि त्या माणसाची पाठ जायची, याला मी आरोग्य म्हणणार नाही. चणे भिजत घालायला काही कौशल्य लागत नाही, घरातल्या कुणालाही जमतं. कांदा चिरणंही जमतं, पहिल्या आठवड्यात वाकडातिकडा चिरला जाईल, एवढंच.

तुमच्या घरी अगदी दमलेल्या रात्री काय शिजतं? अर्ध्या तासाच्या आतलं, एका भांड्यातलं. कमेंटमध्ये सांगा, मला खरंच हवंय. मसूर आणि अंडी यांच्यावर माझे तीन बुधवार निघतात, चौथ्यासाठी काही सुचत नाहीये.