संकल्प झोन ऑफिसातही दिसू दे

सोलापूर महापालिकेने सर्व नागरिकांना समान वागणुकीचा जाहीर संकल्प करावा, ही एका लेखात वाचलेली मागणी अगदी रास्त आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे वेगवेगळ्या समाजांतले चौघे स्वातंत्र्यसैनिक १२ जानेवारी १९३१ ला एकत्र फासावर गेले, त्यांचं हे सोलापूर. इथं तरी हे मागायला लागू नये.

पूर्व भागात विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका घरात तेलुगूच बोलतात. महापालिकेच्या तेलुगू, कन्नड, उर्दू शाळा आहेत (त्या टिकल्याच पाहिजेत), तर योजनांचे अर्जही या भाषांत मिळावेत. झोन ऑफिसात (महापालिकेच्या विभागीय कार्यालयात) तेलुगूत समजावून सांगणारा एक तरी माणूस बसवा.

२०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला. हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीसही द्यावी लागते. भाजी विकणाऱ्या मावशींपर्यंत हे पोचवणार कोण? मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

महापालिकेने दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी कुठे खर्च झाला, तेही दरवर्षी प्रभागनिहाय जाहीर करा. संकल्पाच्या मसुद्यात या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, ही कळकळीची विनंती.