‘मागितला इंटेल, माथी मारला रायझन’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. शनिवारच्या गर्दीत तुमचा वेळ गेला, वर घरी जाऊन मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. (तीन तास ‘उभं’ ठेवलं असं लिहिलंय. स्टूल दिलं होतं, चहाही सांगितला होता. पण ते असो.)

आता मुद्द्याचं. तुमचं म्हणणं असं की इंटेलचा कोअर आय५-१३४०० प्रोसेसर मागितला आणि आम्ही कमिशनसाठी एएमडीचा रायझन ५ ७६०० गळ्यात मारला. पुरावा काय, तर सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरच्या वेगचाचणीत तुमचा स्कोअर १४,००० च्या आत आणि १३४०० वाल्या मित्राचा १६,००० च्या आसपास. आकडे खरे आहेत. तुमच्याऐवजी मी टेस्ट लावली असती तरी साधारण हेच आले असते. त्यात फसवणूक कुठे आहे, तेवढं मला कळलं नाही.

सिनेबेंचची ती रेंडरिंगची टेस्ट प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले काम करणारे भाग) एकदम कामाला लावते. १३४०० मध्ये ६ मोठे कोअर आणि ४ छोटे, मिळून १६ थ्रेड, म्हणजे एका वेळी १६ कामं. ७६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड. पंगत मोठी असली की वाढपी जितके जास्त तितकं बरं, तिथे १३४०० पुढे जाणारच. पण गेम असं काम वाटून देत नाही. त्याचा बराचसा भार दोन-चार थ्रेडवर पडतो. तिथे एकेका कोअरचा वेग आणि कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) बघायचा. ७६०० चा बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ५.१ गिगाहर्ट्झ, १३४०० चा ४.६. एल३ कॅशे ३२ एमबी विरुद्ध २० एमबी. दोन्ही प्रोसेसर जानेवारी २०२३ मध्येच बाजारात आले, पण १३४०० च्या नावात तेरा असलं तरी त्याच्या मोठ्या कोअरचा एल२ कॅशे बाराव्या पिढीइतकाच, १.२५ एमबी आहे. आय५-१३६००के मध्ये तो २ एमबी मिळतो. हे सगळं मी त्या दिवशी काउंटरवर सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत.

आणि तुम्ही कशासाठी मशीन घेत होता? त्या कोटेशनची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला, माझ्याच पेनाने, तुमच्या अक्षरात लिहिलंय: व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए. खाली १६५ हर्ट्झचा मॉनिटर, त्याला दोनदा अधोरेखित. एडिटिंगचा ‘ए’ सुद्धा नाही. व्हॅलोरंट आणि सीएससारख्या गेममध्ये १०८० पी रिझोल्युशनला तुमचं ४०६० ग्राफिक्स कार्ड निवांत बसलेलं असतं, कसोटी प्रोसेसरची लागते. म्हणून ७६०० सुचवला. गेमसाठी मशीन घ्यायचं, मग ते रेंडरिंगच्या टेस्टला बसवायचं आणि नापास झालं की दुकानदार चोर, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट खरं तर जास्त लागली. तुम्ही १३४०० नव्हे, १३४००एफ मागितला होता. रिव्ह्यूत तो ‘एफ’ गळलाय. एफवाल्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, त्यामुळे थोडा स्वस्त पडतो. मित्राचा व्हिडिओ एक्स्पोर्ट झटपट होतो असं लिहिलंय, पण तुम्हीच पाठवलेल्या फोटोत त्याचा प्रोसेसर बिनएफचा आहे. त्याच्याकडे यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, त्यातलं क्विक सिंक हे इंटेलचं व्हिडिओ एन्कोडर ते काम उचलतं. तुम्ही मागितलेल्या एफमध्ये ते मिळालंच नसतं. तुमच्या ४०६० मध्ये एनव्हीडियाचा एन्कोडर आहे. एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरऐवजी हार्डवेअर एन्कोडिंग निवडा आणि मग फरक बघा.

तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये रॅम ४८०० वर दिसतेय. आम्ही एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) लावून ६००० वर दिली होती. घरी बायोस अपडेट केलंत, त्यात ती सेटिंग पुसली गेली. सिनेबेंचमध्ये रॅमने फारसा फरक पडत नाही, तेव्हा त्याचं निमित्त मी सांगणार नाही, पण गेममध्ये पडतो. अपडेटनंतर ‘स्क्रीन काळी, पीसी मेला’ म्हणून रात्री फोन केलात, तेही बिघाडाचं लक्षण नव्हतं. तुमचा एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड अशा वेळी रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी नव्याने जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. तेव्हाही हेच सांगितलं होतं.

मित्राचं मशीन स्वस्त पडलं, कबूल. त्याचा बोर्ड जुन्या डीडीआर४ रॅमचा आहे. तुमचा नव्या डीडीआर५ चा, आणि याच सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) रायझनची ९००० सिरीजही बसते. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० आणला तो नव्या १८५१ सॉकेटवर, मित्राच्या बोर्डावर तो चढणार नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या मॉडेलना व्होल्टेजचा त्रास झाला होता, त्याची भीती घालून रायझन विकणारे या रस्त्यावर आहेत. १३४०० च्या बाबतीत तसं बोलणं योग्य नव्हतं, म्हणून मी तो विषय काढलाही नाही.

कमिशनबद्दल एवढंच, की ऑनलाइनचा भाव मोबाईलवर दाखवलात आणि मी त्याला जुळवून दिला. त्यात काय उरतं ते लॅमिंग्टन रोडवर कुणालाही विचारा. याच गाळ्यात माझे वडील रेडिओचे पार्ट विकायचे. आज नवं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी फोनवर स्टार बघतं, आणि सगळ्यात वर तुमचा ‘फसवणूक’ हा शब्द दिसतो. स्कोअर कमी आला असं हवं तितकं लिहा. तो एक शब्द मात्र काढावा, ही विनंती.

कोणता प्रोसेसर कोणत्या कामाला, हे यापुढे कोटेशनवरच लिहून द्यायचा विचार आहे. गर्दीच्या दिवशी जास्तीचा माणूस ठेवायचंही बघतोय.

तुम्ही सोमवार ते शुक्रवार सकाळी अकराच्या सुमारास मशीन घेऊन या, तेव्हा गर्दी नसते. एक्स्पो तुमच्यासमोर लावून देतो, पैसे नाहीत. मित्राला त्याच्या मशीनसकट आणलंत तर फारच छान, दोन्ही शेजारी लावून सीएस चालवू. रविवारी दुकान बंद असतं.